गाडीखाली न अंथरलेलं पोतं

आमची गाडी आता गोठ्याशेजारी शेवग्याच्या झाडाखाली उभी आहे. पुढच्या बंपरला रेडकू बांधलेलं असतं. मागच्या सीटवर एक कोंबडी नेमाने अंडी घालते. आई ती काढायला कधी जात नाही, शेजारणीला हाक मारते. त्या गाडीचं दार तिने पुन्हा उघडलेलं नाही.

याबद्दल लिहावं असं मला वर्षभर वाटतंय, आणि लिहायला बसलं की हात थांबतो. गाडी खराब निघाली एवढंच सांगायचं असतं तर कधीच लिहून झालं असतं. पण ती घरात कशी आली हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही, आणि तिथेच मी अडतो.

आमचं गाव मुरगूडच्या अलीकडे. घरात आबा, आई आणि मी. माझ्या आधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली. माझ्या वेळी आईने नृसिंहवाडीच्या महाराजांना बोलून ठेवलं होतं, की हे पोर जगलं तर हयातभर दर पौर्णिमेला वाडीच्या पायरीला डोकं टेकीन. मी जगलो. तेव्हापासून तिची पौर्णिमा चुकली नव्हती. पहाटे घर सोडायचं, कागलला एस्टी बदलायची, इचलकरंजीला बदलायची, उन्हं वर यायच्या आत वाडी गाठायची. घाटावर उतरली की ती आधी पाणी कितव्या पायरीला आहे ते बघायची. घरी आल्यावर आबा पहिलं तेच विचारायचे.

मग तिचे गुडघे धरले. एस्टीची पायरी उंच. दोन्ही हातांनी दांडा पकडून ती स्वतःला वर ओढायची आणि मागून लोक रेटायचे. एकदा इचलकरंजीच्या स्टँडवर ती उताणी पडली. डोक्याला खोक पडली तरी कुंकू सारखं करून ती पुढच्या गाडीने वाडीला गेली. घरी आल्यावर आबांनी ती खोक बघितली. पाचव्या दिवशी म्हणाले, "गाडी घ्याची."

गावाला वाटलं, उसाचं बिल आलंय, माज आलाय. विहिरीवर नवी मोटर बसवायची होती ती मागे पडली. नव्या गाडीसाठी नंबर लावावा लागतो आणि तो कधी लागेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे जुनीच बघायची ठरली. शाहूपुरीतल्या एका वकिलांची गाडी विकायची आहे असं कळलं. मी कोल्हापुरात खोली घेऊन शिकत होतो, सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या भावकीत कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आबांनी निरोप धाडला, "येतोय. तू बरोबर पायजेस. इंजानाचं तुला कळतंय."

मला इंजिनाचं काहीच कळत नव्हतं. पुस्तकात एक आकृती होती, ती मी काढू शकत होतो, एवढंच.

इथे आबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बैल घ्यायचा असला की आसपासच्या गावांतले लोक त्यांना बाजारात घेऊन जायला घरी येत. ते बैलाचे दात बघत, पण त्यावर फार विसंबत नसत. बैलाला बसवायचे, उठवायचे. चालायला लावून मागून त्याच्या पायांकडे बघत जायचे. शेवटी सरळ जमिनीवर बसून पोटाखाली वाकायचे, खूर उचलून तळ बघायचे. लोक हसले तरी हे सोडायचे नाहीत. अंगाला तेल चोपडून चकचकीत केलेलं जनावर दिसलं की म्हणायचे, "ह्येचं खालनं बगाय पायजे."

वकिलांची गाडी तशीच चकचकीत होती. काळी, पॉलिश मारलेली, आत पांढरे अभ्रे. वकील गोरे, सोवळ्या बोलण्याचे. आबांना त्यांनी "या, बसा" म्हटलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आपण कुठल्या शाखेला आहात?"

मला तोवर कुणी आपण म्हटलं नव्हतं. कॉलेजात मास्तर अरेतुरे करत आणि वर्गातली शहरातली मुलं माझं बोलणं ऐकून आपापसांत हसत. मी घसा साफ करून, एकेक शब्द जपून, "विज्ञान शाखेला आहे" असं सांगितलं.

"वा. म्हणजे तुम्हाला काही समजावून सांगायला नको."

त्यांच्या घरातून बशीसकट कप आले. मी बशीत न ओतता चहा प्यालो, तोंड भाजलं. आबांनी बशीत ओतून फुर्रकन घेतला. त्या आवाजाने मी अंग चोरल्याचं मला आठवतं.

मग आम्ही गाडीकडे गेलो. आबांनी तिला एक फेरी घातली. टायरला हात लावला, दाराला लावला, बोनेटवर तळवा ठेवून जरा थांबले. मग पटका काढून माझ्या हातात दिला आणि धोतर वर खोचत वकिलांना म्हणाले, "सायेब, एकादं जुनं पोतं हाय का?"

"पोतं? ते कशाला?"

"खाली शिरून बगतो की जरा."

वकील हसले. वाईट हसले असं मी म्हणणार नाही. पण जिन्यात त्यांची मुलगी उभी होती, माझ्याच वयाची, तीही हसली. माझ्या हातात आबांचा पटका होता, घामाचा वास येणारा. मी म्हणालो, "आबा, गाडी अशी नसते बघायची. ते बैलाचं. गाडीचं इंजिन बघतात."

मी हे त्यांच्याशी प्रमाण मराठीत बोललो. आयुष्यात पहिल्यांदा.

आबा थांबले. खोचलेलं धोतर त्यांनी सोडलं. "बरं," म्हणाले, "तू बग मग."

वकिलांनी बोनेट उघडलं. मी आत वाकलो, दोन नळ्यांना बोट लावलं, मान हलवली. इंजिन सुरू केल्यावर पुन्हा मान हलवली. वकील म्हणाले, "मागे बसून बघा तुम्ही, सोफ्यासारखं आहे." मी बसलो. पायाखाली नवी कोरी रबरी मॅट होती. मी टाच टेकली आणि ती किंचित खाली गेली. ओल्या सारवणावर पाय पडल्यासारखी. मी पाय उचलून पुन्हा टेकला. पुन्हा खाली गेली. आबा उघड्या दाराशी उभे होते.

तेव्हा मी म्हणू शकलो असतो, मॅट उचला. दोनच शब्द होते. पण मघाशी मीच आबांना गप्प केलं होतं. आता खाली बघा म्हटलं तर पोतं मागणारा म्हातारा बरोबर आणि मी चूक असं त्या मुलीसमोर झालं असतं. खरंच, एवढंच होतं. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

"कशी हाय?" आबांनी विचारलं.

"चांगली आहे," मी म्हणालो.

गाडी गावात आली त्या दिवशी आईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आबा एका ट्रकवाल्याकडून चालवायला शिकले. सोमवारी आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. आबांनी गाडीलाही सोमवार पाळला. लोक हसायचे. आबा म्हणायचे, "इसावा तिलाबी लागतोच की."

पौर्णिमेला मी कोल्हापुरातून गावी यायचो. पहिली पौर्णिमा नीट गेली. आई मागे एकटी ऐसपैस बसली होती. म्हणाली, "एस्टीत पाय ठेवाय जागा न्हवती. हितं लोळाय जागा हाय." मी पुढच्या सीटवरून वळून बघितलं. तिचे पाय नेमके त्या मॅटवर होते. मी पुन्हा पुढे बघायला लागलो.

दुसऱ्या पौर्णिमेला कागलच्या अलीकडे पाणी उकळून रेडिएटर फुटला. तिसऱ्या वेळी सेल्फ लागेना, पुढून हँडल मारून मारून आबांच्या मनगटाला सूज आली. काच वर राहत नसे, तिला सुतळी बांधली. दाराची आतली मूठ आईच्या हातात निघून आली. ती परत बसवली की पुन्हा निघायची, म्हणून आई ती पिशवीतच ठेवायला लागली. उतरायचं असलं की पिशवीतून मूठ काढायची, भोकात घालायची, फिरवायची, पुन्हा पिशवीत. तिला त्याचं हसू यायचं. पाऊस लागला की खालून पाय भिजायचे. ती पाय वर घ्यायला बघायची, पण गुडघे वाकत नव्हते.

पारावरचे लोक वाटच बघत असायचे. "काय रं कालीजवाल्या, तुझ्या पुस्तकात ह्येच्यावर काय औषध न्हाय व्हय?" एकजण आईला म्हणाला, "वैनी, म्हाराज म्हणत असतील, हिला सांगा एस्टीनंच ये, वेळंवर तरी येशील."

एका पौर्णिमेला गाडी इचलकरंजीच्या रस्त्याला बंद पडली ती पडलीच. उसाची रिकामी बैलगाडी घेऊन एकजण चालला होता. तो थांबला.

"पावणं, दावं टाकू का? वडून नेतो."

आबा बोनेटशीच उभे राहिले. गाडीवानच खाली उतरला. "लाजू नगा की. माझं बैल दोन, तुमची चाकं चार. जुळतंय."

दावं बांधलं. आई गाडीत, मी बाजूने चालत आणि आबा गाडीवानाबरोबर पुढे. पन्नास पावलं गेल्यावर आबा म्हणाले, "तुमचा डावा बैल खुरात दुखावलाय."

"न्हाय बा. चांगला चालतोय."

"थांबवा जरा."

आबा रस्त्यातच बसले, खूर उचलला, अंगठ्याने चिखल काढला. फटीत खडा रुतून बसला होता. तो त्यांनी काडीने काढला आणि खुरावरून हात फिरवला. गाडीवान बघतच राहिला. म्हणाला, "बरं वळखलंसा की. एवढी नदर हाय, आन् ही गाडी कुणी घिऊन दिली तुमास्नी?"

मी दोन पावलांवर होतो. आबांनी मागे बघितलं नाही.

"माझी मीच घितली," ते म्हणाले.

त्यानंतर गाडी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडे नेली. मीही कॉलेजातून तिथे गेलो. मिस्त्रीने दारावर बोटाने टकटक केलं, आवाज ऐकला आणि हसला. "दारं निम्मी लांबीची हाईत," म्हणाला. लांबी म्हणजे रंगाच्या आधी खड्डे बुजवायला भरतात ते. मग त्याने मागची मॅट उचलली. खाली डांबर फासलेलं होतं. त्याने स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"पावणं, पत्रा हाय का पापड?"

"वेल्डिंग करा," आबा म्हणाले.

"वेल्डिंग धराय पत्रा पायजे की. सगळा कुजलाय. वर डांबर, डांबरावर मॅट. खालनं बगितली न्हाईसा घेताना? आंधळ्यालाबी हाताला लागलं असतं."

मला वाटलं आता आबा माझ्याकडे बघतील. त्यांनी बघायला हवं होतं. ते मिस्त्रीच्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघत राहिले. म्हणाले, "ऱ्हायलं बगायचं."

मिस्त्रीने प्लायवूडची फळी कापून मागे पायांखाली बसवली, कडेने चार स्क्रू मारले. "ह्येच्यावर माणूस बसवू नगा," म्हणाला, "पोती बिती टाका." पण गाडी पोत्यांसाठी घेतली नव्हती. पुढची पौर्णिमा नऊ दिवसांवर होती. आबा म्हणाले एस्टीनं जाऊ. आईच म्हणाली, "फळी बसवलीया न्हवं? मग काय हुतंय." मी तिथेच बसलो होतो, जेवत.

इचलकरंजी मागे टाकल्यावर उसाच्या गाड्यांनी रस्त्याला खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. आबा अगदी बैलाच्या चालीने चालवत होते. एका खड्ड्यात मागचं चाक आपटलं. लाकूड मोडल्याचा आवाज झाला आणि आई फक्त "थांबवा" म्हणाली. ओरडलीही नाही.

तिचा उजवा पाय गुडघ्याच्या खालपर्यंत फळीतून, पत्र्यातून आरपार गेला होता. गाडी हळू होती म्हणून पाय राहिला. मी मागे जाऊन तिला बगलेत धरून उचलायला लागलो तशी ती कळवळली. फाटलेल्या पत्र्याच्या कडा खाली वळल्या होत्या. पाय वर ओढला की त्या मांसात रुतत होत्या. वरून काहीच करता येत नव्हतं.

आबांनी पटका काढून सीटवर ठेवला आणि रस्त्यावर झोपले. पोतं नव्हतं. पांढऱ्या धोतरासकट ते चिखलात पाठीवर सरकत गाडीखाली गेले. मी आईला धरून बसलो होतो. खालून त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता आणि पत्रा वाकवल्याचा, मोडल्याचा. त्या पत्र्याचे तुकडे मडक्याच्या खापरीसारखे सहज मोडत होते. आई एकदा म्हणाली, "अवो, तुमच्या हाताला लागंल." बराच वेळ लागला. मग त्यांनी खालून तिचं पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि मला म्हणाले, "आता उचल. दमानं."

पाय निघाला. आबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडावर, केसांत गंजाची पूड होती, बोटं फाटली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या सगळ्या काळात तेवढं एकदाच.

"खालनं सगळी चाळण हाय," ते म्हणाले.

इचलकरंजीच्या डॉक्टरांनी टाके घातले. जखम महिन्याभरात भरली. गुडघा आतून पिळला होता, तो मात्र पुन्हा नीट झाला नाही. आई आता काठी घेऊन न्हाणीपर्यंत जाते, चुलीपाशी पाय लांब करून बसते. तिचं वाडीला जाणं थांबलं. मुरगूडच्या एकाने जीप देऊ केली होती. आईच म्हणाली, नगं. घाटाच्या पायऱ्या उतरवणार नाहीत आणि वरून दर्शन घेऊन आलं तर नेम झाला असं तिला वाटत नाही. शेजारणीला सांगत होती, "म्हाराजच म्हणालं, आता बस घरात." शेजारीण हं हं करत होती. मला ते ऐकवत नव्हतं, कारण महाराज काही म्हणाले नव्हते. जे म्हणायचं ते मीच शाहूपुरीत म्हणालो होतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी आबांना सांगायचं ठरवलं. ते धार काढत होते. म्हशीच्या पलीकडे उभा राहिलो म्हणजे तोंड दिसणार नाही, असा हिशेब करून मी उभा राहिलो.

"आबा, त्या वकिलाकडं मी मागं बसलोतो न्हवं, तवा टाच खाली गेलती माझी. मला कळलंतं."

धारेचा आवाज तसाच चालू राहिला. मग ते म्हणाले, "व्हय. मी बगत हुतो."

"काय?"

"दोन येळा टेकलास पाय. तुझ्या तोंडाकडं बगत हुतो मी."

"मग तुमी का बोलला न्हाईसा?"

त्यांनी चरवी बाजूला ठेवली. रेडकाला सोडलं. मग म्हणाले, "तू म्हणालास, गाडी अशी बगत न्हाईत. मला वाटलं असंल. गाडीचं पाय टेकल्यावर दबतबी असंल. शिकल्यालं माणूस म्हणतंय चांगली हाय, तर असंल." मग चरवी उचलत म्हणाले, "बैल असता तर नसतं ऐकलं तुझं."

एवढंच. रागावले नाहीत. रागावले असते तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. त्या पाडव्यानंतर ते बैल बघायला कागलच्या बाजाराला गेले. पूर्वी सुट्टीत असलो की "चल रं" म्हणायचे. त्या दिवशी मी अंगणातच उभा होतो. ते पटका बांधून माझ्या समोरून गेले.

यंदा माझं शेवटचं वर्ष आहे. दर पौर्णिमेला मी कोल्हापुरातून एस्टीने वाडीला जातो. नेम आईचा, माझ्या जगण्यासाठी बोललेला, तो मी केला तर चालतो का, हे मी तिथल्या कुणाला विचारलेलं नाही. पायरीला डोकं टेकतो, प्रसाद घेतो आणि दोन गाड्या बदलून गावी येतो.

आई चुलीपाशी बसलेली असते. प्रसाद कपाळाला लावते, गर्दी होती का विचारते आणि मग हमखास विचारते, "पाणी कितव्या पायरीला हुतं?"

पहिल्या वेळी मी बघितलंच नव्हतं. तोंडाला आलं ते सांगणार होतो. समोर आबा जेवत होते, घास त्यांच्या हातातच थांबला होता.

"बगितलं न्हाय," मी म्हणालो.

"मग पुढच्या येळला बग," आई म्हणाली.

आता मी आधी खाली उतरतो. पाण्यापर्यंत जातो आणि तिथून वर मोजत येतो. मध्ये कुणी आडवं आलं, आकडा चुकला असं वाटलं, की पुन्हा खाली जातो.